जाजमावरची जागा

थंडीच्या दिवसांत पाहुण्यांसाठी घर कसे सजवावे हे सांगणाऱ्या मजकुराला आज तोटा नाही. पिवळसर उजेडाचे दिवे लावा, सोफ्यावर लोकरी शाल टाका, सुगंधी मेणबत्त्या मांडा, जमल्यास भिंतीला विजेवर चालणारी फायरप्लेस बसवा, असा तो सल्ला असतो. या साऱ्या चित्राच्या मध्यभागी विस्तव आहे. ज्या थंड देशांत हे चित्र तयार झाले, तिथे बैठकीच्या खोलीतच विस्तव असे. पाहुण्याचा मान म्हणजे त्या विस्तवाजवळची खुर्ची, आणि बाकीची सजावट त्या खुर्चीच्या भोवती वाढत गेली. मराठी घराची रचना नेमकी उलटी होती. विस्तव घराच्या सर्वांत आतल्या भागात आणि पाहुणा सर्वांत बाहेरच्या भागात. दोघांमध्ये दोन-तीन उंबरे आणि त्याहून अवघड असे सोवळ्याओवळ्याचे अंतर. त्यामुळे थंडीत आलेल्या माणसाला ऊब द्यायची, तर ती त्याच्यापर्यंत नेऊन द्यावी लागे: बसायला काहीतरी अंथरून आणि हातावर काहीतरी गोड, स्निग्ध ठेवून. मराठी घरातल्या हिवाळी पाहुणचाराचा इतिहास माझ्या मते दिव्यांचा किंवा भिंतींचा नाही, तो बिछायतीचा इतिहास आहे. त्या बिछायतीवर कोणाला बसू दिले आणि कोणाला नाही, हा त्यातला सर्वांत महत्त्वाचा भाग.

देशावरचा जुना वाडा घेतला तर देवडी, चौक, सोपा, माजघर आणि मग स्वयंपाकघर असा क्रम लागतो. कोकणातल्या कौलारू घरात अंगण, पडवी, ओटी, माजघर आणि त्यामागे स्वयंपाकघर. नावे बदलतात, क्रम बदलत नाही. बाहेरचा पुरुष ओसरीवर किंवा ओटीवर थांबे, बाहेरची बाई माजघरापर्यंत येई, आणि चुलीपाशी फक्त घरचे लोक. ब्राह्मणी घरात तर आंघोळ न केलेला घरचा माणूसही चुलीजवळ जाऊ शकत नसे. यावर कोणी म्हणेल की हे वाड्यांतले चित्र झाले, शेतकऱ्याच्या दोन खणी घरात एवढा विधिनिषेध कुठला? आक्षेप बराचसा खरा आहे. साध्या घरात जवळची बाई सरळ चुलीपुढे येऊन बसे, भाकरी थापता थापता गप्पा चालत. पण तिला कोणी पाहुणी म्हणून वागवत नसे, ती घरचीच. परका माणूस, सोयरा, जावई, गावचा पाटील आला की साध्या घरातही घोंगडी सोप्यात अंथरली जाई, चुलीपुढे नव्हे. पाहुणा म्हणून मान द्यायचा म्हणजे विस्तवापासून लांब बसवायचे, ही रीत जातिपातींच्या आणि ऐपतीच्या पलीकडे पसरलेली होती.

खोलीत विस्तव ठेवण्याची कला आपल्याला ठाऊक नव्हती, असेही नाही. बाळंतिणीच्या खोलीत शेगडी असे. निखाऱ्यांवर ओवा, बाळंतशेपा टाकून धुरी दिली जाई, बाजेखाली शेक ठेवला जाई, दारे-खिडक्या बंद करून खोली दिवसचे दिवस उबदार राखली जाई. म्हणजे हवी तिथे आग खोलीत आणता येत होती, पण ती नाजूक अवस्थेतल्या जिवासाठी राखून ठेवलेली होती, समारंभासाठी नव्हे. दुसरा विस्तव होता तो घराबाहेरचा. पौष-माघात ज्वारीची कणसे दाण्यांत आली की शेतात आगटी पेटते. गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत कणसे भाजायची, तळहातावर चोळून हिरवे दाणे वेगळे करायचे, आणि गूळ, लसणाची किंवा शेंगदाण्याची चटणी, दही यांच्याबरोबर गरम गरम हुरडा खायचा. गूळभेंडीसारखे वाण केवळ हुरड्यासाठी पेरले जातात, इतके या पाहुणचाराला महत्त्व. रायगडच्या किनाऱ्याकडे याच दिवसांत पोपटी लागते. मडक्याच्या आत भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी किंवा कोंबडी, मीठ-ओवा, वरून पुन्हा पाला, मग मडके पालथे घालून भोवती पाचोळा पेटवायचा. पाण्याचा थेंब न घालता शेंगा स्वतःच्याच वाफेवर शिजतात. आगटीभोवती आणि पोपटीभोवती पाहुणा विस्तवाच्या अगदी जवळ बसतो, कारण शेतात उंबराच नाही. गावोगावच्या लोकांना हिवाळ्यातली मोकळी सोबत आठवते ती बहुधा शेतातली असते, माजघरातली नव्हे, याचे कारण इथेच आहे.

यापुढचा आक्षेप हवामानाचा. महाराष्ट्रात थंडी ती कितीशी, तिच्यासाठी घर वेगळे मांडण्याची गरजच काय? पुण्यात 17 जानेवारी 1935 रोजी पारा 1.7 अंशांपर्यंत उतरला होता, आणि समुद्राकाठच्या मुंबईतही 22 जानेवारी 1962 रोजी 7.4 अंशांची नोंद झाली. अर्थात हे अपवादाचे दिवस. नेहमीची थंडी त्याहून बरीच सौम्य, पण तिचा एक विशेष आहे. पठारावर जानेवारीतल्या दुपारी अंगातून घाम निघावा असे ऊन असते आणि त्याच दिवशी पहाटे दातावर दात वाजतात. दुपारी नको आणि रात्री हवी, अशी ही ऊब. भिंतीत कायमची बांधलेली शेकोटी अशा हवेला सोयीची नाही. संध्याकाळी उलगडता येईल आणि सकाळी गुंडाळून ठेवता येईल अशी ऊब इथे उपयोगी. इंग्रजांनी 1828 च्या सुमारास महाबळेश्वर वसवायला घेतल्यावर तिथल्या बंगल्यांत फायरप्लेस आल्या. सह्याद्रीच्या माथ्यावर त्यांचा उपयोगही होता. पण ती पद्धत घाट उतरून वाईला किंवा साताऱ्याला रुजली नाही. लोकांना ती परवडली नाही हे त्याचे अर्धेच कारण. उरलेले अर्धे असे की त्यांच्याकडे या हवेला जास्त चपखल बसणारा उपाय आधीपासून होता.

तो उपाय जमिनीपासून सुरू होतो. मातीची, शेणाने सारवलेली जमीन पायाला दगडासारखी गार लागत नाही, कारण दगड अंगातली उष्णता पटकन ओढून घेतो आणि कोरडी माती सावकाश. रेल्वेच्या सोयीने शहाबादी फरशी गावोगाव पोहोचली तेव्हा सारवणाचे कष्ट वाचले, पण हिवाळ्यात उघड्या पायाने उभे राहणे नकोसे झाले. सारवलेल्या जमिनीवर घोंगडी येई. दख्खनी मेंढीची काळी, राठ लोकर, धनगरांच्या घरी कातलेले सूत, सणगरांच्या मागावरचे विणकाम आणि त्यावर चिंचोक्याची खळ. सांगोला, पट्टणकोडोली या भागांत हा धंदा पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. नवी घोंगडी अंगाला टोचते. तिच्यावर बसायला मऊपणा नाही, पण खालचा गारवा ती वर येऊ देत नाही आणि पाऊसही सहज आत शिरू देत नाही. खंडोबा-बिरोबाच्या पूजेपासून भाऊबंदांच्या बैठकीपर्यंत सगळीकडे तीच अंथरली जाते. घोंगडीच्या खालोखाल वाकळ आणि गोधडी. घरातल्या आयाबायांच्या जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक घालून धावदोऱ्याने शिवलेली ही पांघरुणे थंडीत अंथरायलाही उपयोगी पडत. मोठ्या घरांत सतरंजी, तिच्यावर पांढरी चादर, भिंतीशी गाद्या, लोड, तक्के. मोठा समारंभ असला की जाजम, म्हणजे पंचवीस-पन्नास माणसे एकाच कापडावर बसतील अशी भली मोठी बिछायत. थंडीतले घर सजवणे म्हणजे मुख्यतः ही अंथरणी बाहेर काढणे, उन्हात टाकणे, झटकणे आणि संध्याकाळी योग्य त्या जागी योग्य ती अंथरणे. एरवी रिकामी दिसणारी ओसरी अर्ध्या घटकेत बैठकीची जागा होई आणि माणसे उठली की पुन्हा ओसरी.

सत्ताधाऱ्यांच्या घरी याच गोष्टीचे मोठे खाते झाले होते. पुण्यात फरासखाना म्हणून जी जागा आज पोलीस ठाण्यामुळे ओळखली जाते, तिथे पेशव्यांच्या तंबू-बिछायतींचे कोठार होते. राज्यकारभारात जाजमांना आणि गालिचांना स्वतंत्र वास्तू आणि नोकर लागावेत, यावरून बसण्याच्या मांडणीचे वजन समजते. दरबारात कोण गादीवर, कोणाला लोड, कोण गादीच्या कडेला आणि कोण नुसत्या बिछायतीवर, हे पक्के ठरलेले होते. त्यावरून रुसवेफुगवे होत, कारण खुर्च्या नसलेल्या समाजात जमिनीवरच्या चार बोटांच्या उंचीलाही प्रतिष्ठेचे मोल चढते. हिवाळी स्नेहाचा दुसरा धागाही याच काळात स्पष्ट दिसतो. मराठेशाहीच्या पत्रव्यवहारात सरदार, कारभारी आणि स्नेही एकमेकांना मकरसंक्रमणाचे शर्करायुक्त तीळ पाठवल्याचे लिहितात आणि त्यांचा स्वीकार करण्याची विनंती करतात. छावणी कुठे, वाडा कुठे, पण चिमूटभर तीळ जासुदाबरोबर जात. जो माणूस बिछायतीवर येऊन बसू शकत नाही त्याच्यापर्यंत ऊब पोचवण्याची ही रीत. तिळाच्या दाण्यात निम्म्याच्या आसपास तेल असते, त्यामुळे थंडीत ते अंगी लागतात हे वैद्यकाला आणि घरच्या अनुभवाला माहीत होते. पत्रातल्या चिमटीने कोणाच्या अंगात ऊब येत नसे, पण तुझ्या थंडीची मला आठवण आहे एवढे त्यातून पोचे.

बायकांच्या पाहुणचाराचे स्थान माजघर. मार्गशीर्षातल्या गुरुवारांपासून या हिवाळी समारंभांना सुरुवात होते आणि संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत त्यांना भर येतो. भोगीच्या दिवशी तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोणी, मुगाची खिचडी आणि गाजर, वांगी, पावटा, हरभऱ्याचे सोलाणे, बोरे, शेंगा अशी त्या दिवसांतली सगळी पिके एकत्र केलेली भाजी. संक्रांतीला गुळाची पोळी आणि तूप. सुगडात उसाचे करवे, घाटे, बोरे, गव्हाच्या ओंब्या. तीळ-साखरेचा काटेरी हलवा तर पाहुणचारातल्या कष्टांची कमाल आहे. मंद निखाऱ्यावर परात ठेवून थेंब थेंब पाक घालत बोटांनी हलवत राहायचे, आणि ते एका दिवसात आटोपत नाही. थंडी चांगली पडली तरच काटा चांगला येतो, असे हलवा करणाऱ्या बायका सांगत आल्या आहेत. हा मेनू केवळ परंपरेने आलेला आहे की त्यामागे ऋतूचा विचार आहे, असे विचारले तर चैत्रातल्या हळदीकुंकवाकडे पाहावे. समारंभ तोच, बायका त्याच, माजघर तेच. पण तिथे कैरीचे पन्हे, आंब्याची डाळ, भिजवलेले हरभरे, आणि गौरीपुढे गार वाटेल अशी आरास. हिवाळ्यात बाजरी, तीळ, गूळ, काळी चंद्रकळा आणि हिन्याचे अत्तर, उन्हाळ्यात पन्हे, पांढरी फुले आणि वाळ्याचे अत्तर. एकाच विधीची ही दोन रूपे शेजारी ठेवली की हळदीकुंकू हा फक्त धर्माचार होता असे म्हणवत नाही. आलेल्या बाईच्या अंगाला या घटकेला काय हवे आहे, याचा तो बारकाईने केलेला विचार आहे. काळा रंग एरवी सणाला वर्ज्य, पण ऊन धरून ठेवणारा म्हणून या एका सणाला त्याला मान, हा त्याच विचाराचा भाग.

आता या इतिहासातल्या सर्वांत मोलाच्या जाजमाकडे यायला हवे. 1852 च्या जानेवारीत पुण्यात सावित्रीबाई फुले यांनी महिला सेवा मंडळाच्या वतीने तिळगूळ समारंभ ठेवला. पुण्याच्या कलेक्टरच्या पत्नी मिसेस ई. सी. जोन्स अध्यक्षस्थानी होत्या. सावित्रीबाईंनी सेक्रेटरी म्हणून काढलेल्या निमंत्रणात एक गोष्ट स्पष्ट लिहिली होती: येणाऱ्या बायका कोणत्याही जातीच्या असोत, त्यांना एकाच जाजमावर बसवले जाईल, आणि भेदभाव न करता सगळ्यांना सारखेच हळदीकुंकू लावून तिळगूळ वाटला जाईल. पेशवाई जाऊन तेव्हा चौतीस वर्षे झाली होती. दरबारातली बसण्याची उतरंड पाहिलेली माणसे शहरात हयात होती, आणि मुलींची शाळा काढल्याबद्दल फुले पती-पत्नींना चार वर्षे शिव्याशाप मिळत होते. अशा शहरात जाजमाचा उल्लेख निमंत्रणातच करावा लागला, यातच त्याचे महत्त्व आहे. अध्यक्ष कोण, वेळ कोणती, हे कोणत्याही निमंत्रणात येते. बसायला काय अंथरले जाईल हे सहसा येत नाही, ते गृहीत असते. सावित्रीबाईंनी ते गृहीत धरले नाही. घरात आल्यावर आपल्याला कुठे बसवतील, याच प्रश्नापाशी खालच्या मानलेल्या जातींतली बाई दारात अडखळते, हे त्यांना ठाऊक होते. उत्तर त्यांनी दाराआधीच दिले.

यावर दोन आक्षेप घेता येतात, आणि दोन्ही विचारात घेण्याजोगे आहेत. पहिला असा की समतेची ही कल्पना इंग्रजी शिक्षणातून आणि मिशनऱ्यांच्या सहवासातून आली, मग तिला मराठी पाहुणचाराच्या इतिहासात का मोजायचे? कल्पना कुठूनही आली असो, तिचे रूप पाहावे. मिसेस जोन्स यांच्या बंगल्यावर खुर्च्या मांडून चहापान करता आले असते, आणि सगळ्या समान उंचीवर बसल्या असत्या. सावित्रीबाईंनी निवडले ते जाजम, हळदीकुंकू आणि तिळगूळ. माजघरातल्या बाईला ओळखीचे असलेले एकूण एक साहित्य त्यांनी तसेच ठेवले आणि फक्त बसण्याची आखणी मोडली. मला ही निवड फार विचारपूर्वक केलेली वाटते. परक्या खोलीत समान होणे सोपे असते, कारण तिथे सगळ्याच अवघडलेल्या असतात. आपल्या रोजच्या बिछायतीवर समान होणे अवघड, आणि तेच त्यांना हवे होते.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. हळदीकुंकू हा समारंभच मुळी काही बायकांना बाहेर ठेवून उभा राहिला आहे. विधवेला त्यात जागा नाही. मग त्याला उबदार आणि मोकळ्या घराचे उदाहरण कसे म्हणायचे? या आक्षेपाला बगल देता येत नाही. रमाबाई रानडे यांचे आयुष्य त्याचा पुरावा आहे. त्यांचे पती न्यायमूर्ती रानडे 1901 च्या जानेवारीत वारले. त्यानंतर 1924 मध्ये स्वतःच्या मृत्यूपर्यंत रमाबाईंनी महाराष्ट्रातल्या बायकांच्या सार्वजनिक कामाचे नेतृत्व केले, 1909 मध्ये पुण्यात सेवासदन उभारले, शेकडो मुलींना आणि विधवांना शिक्षणाची वाट दाखवली. पण रूढीच्या हिशेबाने संक्रांतीच्या संध्याकाळी कुठल्याही माजघरात त्यांच्या कपाळाला कोणी कुंकू लावणार नव्हते. ज्यांनी या प्रांतातल्या बायकांना एकत्र आणले, त्यांनाच बायकांच्या सर्वांत जुन्या मेळाव्यात स्थान नव्हते. फुले दांपत्याला ही दुसरी भिंतही दिसत होती. 1863 मध्ये त्यांनी आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले आणि फसवल्या गेलेल्या विधवांना बाळंतपणासाठी आसरा दिला. आधी सांगितले की मराठी घरात विस्तव फक्त बाळंतिणीच्या खोलीत आणला जाई. ती शेगडी फुल्यांनी अशा बायकांसाठी पेटवली, ज्यांना स्वतःच्या घरचा दरवाजा बंद झाला होता. म्हणून हळदीकुंकवाची बाजू घेण्याचा माझा हेतू नाही. माझे म्हणणे एवढेच की या समारंभाने ऊब देण्याचे कसब कमावले आणि तीच ऊब वाटताना हात आखडता घेतला. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि पहिलीला किंमत आहे म्हणूनच दुसरी इतकी बोचते.

विसाव्या शतकात विस्तव आणि पाहुणा यांच्यातले अंतर कमी केले ते सुधारकांपेक्षा जागेच्या टंचाईने. मुंबईत 1920 च्या दशकाच्या आरंभी बांधलेल्या बीडीडी चाळींतली खोली 160 चौरस फुटांची. तिच्यातच मोरी, तिच्यातच शेगडी किंवा स्टोव्ह, तिच्यातच झोपणे आणि तिच्यातच पाहुणे. सोपा, माजघर, स्वयंपाकघर हा क्रम मांडायला जागाच उरली नाही. संक्रांतीला बाहेरची बाई आली की ती आपोआप चुलीपासून चार हातांवर बसे. बसायला सतरंजी कमी पडली की शेजारून येई, बायका जास्त झाल्या की गॅलरीत अंथरली जाई, आणि सगळ्या मजल्याची मिळून एक ओसरी होई. पूर्वीच्या बांधकामात जे अंतर भिंतींनी राखले होते ते आता कोणाला बोलवायचे आणि कोणाला नाही, यावर येऊन ठेपले. जात खोलीतून गेली तरी बोलावण्याच्या यादीत राहिली, हे खरेच. तरीही एका मजल्यावर राहून एकाच नळावर पाणी भरणाऱ्या बायकांना ती यादी फार काळ कडक ठेवता आली नाही.

खुर्ची आणि सोफा यांनी मात्र या इतिहासात उलटी चाल केली. भारत टाइल्स या कंपनीची स्थापना 1922 ची. तिच्यासारख्या कारखान्यांच्या रंगीत सिमेंटच्या फरशा मध्यमवर्गीय घरांत आल्या, पुढे मोझॅक, मग गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल्स. जमीन देखणी झाली आणि हिवाळ्यात बसण्यालायक राहिली नाही. खाली थंड म्हणून माणसे वर बसू लागली. वर बसायचे म्हणजे मोजक्या जागा. जाजमावर एकीने सरकले की दुसरीला जागा होते, सोफ्यावर तीनच बसतात. 1932 पासून चालत आलेल्या लंडनच्या महाराष्ट्र मंडळासारख्या संस्था खऱ्याखुऱ्या थंडीत तिळगूळ समारंभ करतात ते भाड्याच्या हॉलमध्ये खुर्च्यांच्या रांगांत. तिथे उष्णता यंत्र पुरवते आणि जमिनीची गरज संपते. आपल्याकडच्या घरांत ना यंत्र आहे ना बिछायत, अशी मधलीच अवस्था आहे, आणि ती भरून काढायला सजावटीचा बाजार पुढे आला आहे. काळ्या-पांढऱ्या रंगसंगतीचे हॉल, पतंगांच्या माळा, हलव्याचे तयार दागिने, वाणासाठी घाऊक दराने घेतलेले डबे. यात काही वाईट आहे असे मला वाटत नाही. घर नटवण्यात आनंद असतो आणि तो आनंद आलेल्या बाईलाही जाणवतो. फक्त या सजावटीत बसण्याचा प्रश्न कोणी विचारत नाही, आणि जुन्या घराने तो सर्वांत आधी विचारला असता.

तो प्रश्न आजही संपलेला नाही. मे 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. कुंकू पुसणे, मंगळसूत्र तोडणे, बांगड्या फोडणे बंद आणि विधवांना सन्मानाने वागवणे सुरू, असा त्याचा आशय. राज्य सरकारने लगेच परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना हा कित्ता गिरवायला सांगितले, आणि त्यानंतर काही गावांत संक्रांतीला विधवांसह हळदीकुंकू होऊ लागले. रमाबाईंना जे मिळाले नव्हते ते देण्याची सुरुवात शहरातल्या दिवाणखान्यांतून न होता शिरोळ तालुक्यातल्या एका गावातून झाली. शहरातल्या फ्लॅटमध्ये दुसरी परीक्षा आहे. रोज भांडी घासायला, पोळ्या करायला येणाऱ्या बाईला संक्रांतीचे वाण मिळते, कधी साडीही मिळते, पण पुष्कळ घरांत ते स्वयंपाकघराच्या दाराशी, उभ्या उभ्या, पाहुण्या येण्याच्या आधी उरकले जाते. ती हॉलमध्ये आलीच तर सोफ्याकडे पाहून आपण होऊन फरशीवर टेकते, आणि घरच्या बाईला कितीही मनापासून वाटले तरी तिला वर बसवताना दोघीही अवघडतात. सोफा भिंतीला सरकवून खोलीभर सतरंजी टाकली आणि यजमानीणबाई स्वतः आधी तिच्यावर बसल्या, तर हे अवघडणे बरेच कमी होते. कारण मग कोणाला वर बोलवावे लागत नाही, नुसते थोडे सरकून जागा करून द्यावी लागते.